दुसऱ्यांच्या चित्रांसमोर बसून काढलेले पाच महिने

सुटीच्या दिवशी तैलरंगांत चित्रे काढायला लागून मला सहा वर्षे झाली. गेल्या नोव्हेंबरात खोली आवरताना भिंतीला टेकवून ठेवलेली शेवटची अकरा चित्रे मी एका ओळीत लावली, तेव्हा त्यांतल्या नऊ चित्रांत तीच निळी फुलदाणी, डाव्या बाजूने येणारा तोच उजेड आणि मागे तोच करडा पडदा असल्याचे दिसले. हात बसला होता, ही जमेची बाजू. पण बसलेला हात डोळ्यांना विचारेनासा झाला होता. फुलदाणीकडे न पाहता मी फुलदाणी काढू शकत होते आणि बहुधा तसेच करत आले होते. पुढचे सहा आठवडे मी ब्रश हातात घेतला नाही.

त्या सहा आठवड्यांत अडकलेली माणसे जे करतात तेच मीही केले. थोर चित्रकारांची चित्रे रात्री उशिरापर्यंत पाहिली, आवडली ती साठवली. डिसेंबरअखेर संगणकावरच्या त्या फोल्डरमध्ये चारशेहून अधिक चित्रे जमली होती आणि त्यांतल्या एकाही चित्रामुळे मला कामाला बसावेसे वाटले नव्हते. उलट प्रत्येक नव्या चित्रागणिक आपण हे कशासाठी करतो, हा प्रश्न थोडा मोठा होत गेला. शाळेत मला चित्रकला शिकवणाऱ्या सरांना हे फोनवर सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “नुसती बघत काय बसतेस? एखादं उतरवून बघ. आणि उतरवताना काय शोधते आहेस, ते आधी कागदावर लिही.” दुसऱ्याचे चित्र उतरवणे म्हणजे नक्कल, असा माझा तोवरचा समज होता. पण दुसरे काही सुचत नव्हते, म्हणून मी सरांचे ऐकले. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत काय काय झाले, ते क्रमाने लिहिते आहे. अर्ज, नियम आणि वाट पाहण्याचे दिवस यांसह, कारण मला सुरुवातीला नेमकी तीच माहिती एका जागी मिळाली नव्हती.

८ जानेवारीला मी पहिले चित्र निवडले: सतराव्या शतकातले डच चित्रकार योहानेस व्हर्मीर यांचे साधारण १६६० मधले ‘दूध ओतणारी’. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले हे चित्र अवघे ४५.५ × ४१ सेंटीमीटरचे आहे. वहीत मी प्रश्न लिहिला: “पांढरी भिंत पांढऱ्या रंगाने का रंगवता येत नाही?” माझ्या भिंती नेहमी खडूसारख्या कोरड्या दिसतात, ही माझी जुनी तक्रार होती. शोधयंत्रात सापडलेली पहिली बरी प्रतिमा मी छापून घेतली, २० × १८ सेंटीमीटरच्या तुकड्यावर चौकटी पाडून रेखाटन उतरवले आणि दहा दिवस रोज रात्री तासभर रंग मिसळत बसले. भिंतीत भरपूर पिवळा गेरू लागत होता, बाईचा निळा एप्रन हिरवट करावा लागत होता आणि मला वाटत होते की डच उजेडाचे रहस्य आपल्या हाती लागले.

१९ जानेवारीला संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रतिमा उघडली आणि दहा दिवसांची मेहनत पाण्यात गेली. तिथली भिंत थंड, राखाडी-पांढरी होती आणि एप्रन खणखणीत निळा होता. मागाहून वाचनात आले की या एका चित्राच्या पिवळट प्रती जालावर इतक्या पसरल्या होत्या की संग्रहालयाच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरचे खरे रंग पाहून लोकांना तेच खोटे वाटत. उच्च प्रतीच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या करण्यामागच्या कारणांत याचाही समावेश होता. मला हसू आले, पण ते जरा वेळाने. तेव्हा तो पिवळा तुकडा मी कपाटामागे सरकवला होता.

ज्यांना असे काही करून पाहायचे आहे त्यांनी एवढे जरूर करावे: प्रतिमा नेहमी चित्र ज्यांच्याकडे आहे त्या संग्रहालयाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट अशा अनेक संस्था स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा विनामूल्य उतरवून घेऊ देतात, त्यामुळे यात खर्च काहीच नाही. खर्च झाला तो मला दिव्यावर. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला राखाडी सकाळी निळा निघतो, हे दोनदा सोसल्यावर मी साधारण ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा पांढरा दिवा बसवून घेतला. रंगाच्या दोन चांगल्या नळ्यांना जेवढे पैसे पडतात, त्याहून तो कमीच पडला. छापील प्रतीचा नाद मी सोडला आणि पडद्यावर पाहूनच काम करू लागले. पडद्याचा उजेड मात्र खोलीतल्या उजेडाला जुळेल इतका कमी करावा लागतो, नाहीतर आपला प्रत्येक रंग मळकट वाटतो.

व्हर्मीर यांची भिंत मी दुसऱ्यांदा काढली तेव्हा पांढऱ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे छिद्र पाडून, ते पडद्यावर ठेवून एकेक रंग सुटा करून पाहिला. ज्या भागाला मी पांढरा म्हणत होते तो छिद्रातून पाहिल्यावर खिडकीजवळ चक्क करडा होता, मधे मातकट आणि उजवीकडे उजळ. त्याहून महत्त्वाची गोष्ट बाईच्या कडेला होती. तिच्या अंगावर जिथे उजेड आहे तिथे मागची भिंत गडद आहे. तिची सावलीची बाजू आहे तिथे भिंत उजळली आहे आणि त्या कडेवरून एक बारीक पांढरी रेघ वर गेली आहे. प्रत्यक्ष खोलीत अशी रेघ कधीच दिसत नाही. ती चित्रकाराने ठरवून ओढली आहे. भिंतीवर एक खिळा आहे, त्याची सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोके आहेत. ती भोके माझ्या तुकड्यावर काढायला मला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात भिंत हा विषय असू शकतो, हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळले.

याच भिंतीमागे आणखी काही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राइक्सम्युझियमच्या संशोधकांनी जाहीर केले की अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत बाईच्या डोक्यामागे आधी काढलेली, सुरया टांगायची फळी आणि खाली विस्तवाची टोपली सापडली. व्हर्मीर यांनी दोन्ही गोष्टी नंतर रंगाखाली झाकून टाकल्या. म्हणजे आपण ज्या रिकाम्या भिंतीचे कौतुक करतो ती सुरुवातीला रिकामी नव्हती. वहीत मी त्या दिवशी “झाकले” एवढा एकच शब्द लिहिला. त्याचा उपयोग पुढे मे महिन्यात झाला.

फेब्रुवारीत रंगांच्या भानगडीतून सुटायला मी उलटी वाट धरली. व्हिन्सेंट व्हॅन गॉग दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्ण उपचारगृहात होते तेव्हा, १८८९-९० च्या शरद आणि हिवाळ्यात, त्यांनी आधीच्या पिढीतले फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रांस्वा मिले यांच्या चित्रांवरून २१ चित्रे रंगवली. त्यांच्यासमोर मूळ रंग नव्हते; भाऊ थिओ यांनी पाठवलेली काळीपांढरी मुद्राचित्रे आणि छायाचित्रे होती. ‘पहिली पावले’ या चित्रासाठी त्यांनी जानेवारी १८९० मध्ये छायाचित्रावर चौकटी पाडून रेखाटन कॅनव्हासवर नेले आणि रंग सगळे आपले घातले. याला ते नक्कल म्हणत नसत; दुसऱ्याने रचलेले संगीत वादक आपल्या ढंगाने वाजवतो, तसे हे आहे, असे त्यांनी भावाला लिहिले होते. नक्कल या शब्दाची माझी लाज तिथे बरीच कमी झाली. उरलेली लाज अजिंठ्याने घालवली. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांतली भित्तिचित्रे उतरवत होते, त्यांतल्या कितीतरी अनुकृती १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. पण लेण्यांतल्या अंधुक उजेडात वर्षानुवर्षे त्या रेषांमागून फिरलेल्या मुलांच्या हातातून त्या रेषा कोणती आग काढून घेणार?

मी मिले यांची तीन चित्रे मोबाइलवर काळीपांढरी करून घेतली, मूळ रंग पाहायचे नाहीत असे ठरवले आणि १५ × २० सेंटीमीटरच्या तुकड्यांवर ती रंगवली. एका तुकड्याला चाळीस मिनिटे, गजर लावून. पहिले दोन तुकडे माझ्या नेहमीच्या निळ्या-करड्यात घसरले. तिसऱ्याला मी पॅलेटवर निळा घेतलाच नाही. गेरू, तांबूस मातकट, काळा आणि पांढरा एवढ्यावर भागवले. काळ्यात पांढरा मिसळला की गेरूशेजारी तो निळा दिसतो, हे पुस्तकात वाचलेले असूनही माझ्या तुकड्यावर आभाळ उमटले तेव्हा मी खुर्चीवरून उठून मागे जाऊन ते पाहिले.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांच्यावर मी एकच आठवडा घालवला आणि तो आठवडा बरा गेला नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधले, साधारण १८९३ चे ‘सफरचंदांची टोपली’ मी निवडले होते. त्या चित्रात टेबलाची पुढची कड कापडाच्या डावीकडे एका पातळीवर आहे आणि उजवीकडे दुसऱ्या. कापड उचलले तर दोन्ही टोके जुळणार नाहीत. मी उतरवताना नकळत ती कड पट्टीने सरळ केली, आणि टोपली, बाटली, फळे सगळे काही जिथल्या तिथे असूनही चित्रातला तोल गेला. का गेला हे मला अजूनही धड सांगता येत नाही. ते चित्र मी अर्धवट ठेवले आहे.

दरम्यान, ३ फेब्रुवारीला मी एका कलासंग्रहालयाकडे मूळ चित्रासमोर बसून अनुकृती करण्याची परवानगी मागणारा अर्ज पाठवला होता. संग्रहालयाचे नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकूर आहे. पडद्यावर रंग दिसतो, पण रंगाचा थर दिसत नाही, कुठे ब्रश टेकला आणि कुठे घासला हे कळत नाही, म्हणून हा खटाटोप. अशी परवानगी फक्त व्यावसायिकांना मिळते, हा माझा गैरसमज होता. पॅरिसचे लूव्र १७९३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले तेव्हापासून तिथे चित्रकार अनुकृती करत आले आहेत, देगा आणि सेझानही त्यांत होते, आणि आजही अनेक मोठ्या संग्रहालयांत ठरलेल्या नियमांखाली हौशी लोकांना ती मुभा असते. नियम संकेतस्थळाच्या तळाशी कुठेतरी दडलेले असतात. तिथे न सापडल्यास शिक्षण विभागाला किंवा अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) कार्यालयाला सरळ पत्र लिहावे.

अर्ज चार पानांचा होता. ओळखपत्राची प्रत, स्वतःच्या तीन चित्रांची छायाचित्रे, अनुकृतीचा हेतू, माध्यम, कॅनव्हासचे माप, हवे असलेले दिवस आणि वेळ, आणि पसंतीक्रमाने तीन चित्रे, त्यांच्या नोंदणी क्रमांकांसह. हे क्रमांक चित्राशेजारच्या पाटीवर असतात. माझ्याजवळ एका चित्राचा नव्हता, म्हणून फक्त तेवढ्यासाठी एक फेरी झाली. हेतूच्या रकान्यात मी आधी अर्धे पान भावनेने भरले होते. ते खोडून “स्थिरचित्रातील कडा आणि पांढऱ्या रंगाच्या छटांचा अभ्यास, विक्रीसाठी नाही” एवढेच लिहिले आणि माझ्या मते अर्ज त्यामुळेच मार्गी लागला. अर्जाला शुल्क नव्हते. परत मिळणारी अनामत रक्कम होती, आणि फरशीवर किंवा भिंतीवर रंग सांडल्यास ती जप्त होईल, असे हमीपत्र होते.

पोच आली नाही. पंधराव्या दिवशी मी फोन केला तेव्हा कार्यालयाने मला अर्ज मिळालाच नसल्याचे सांगितले. तासाभराने तो सापडल्याचा फोन आला. २६ फेब्रुवारीला, म्हणजे २३ दिवसांनी, उत्तर आले की माझ्या पहिल्या पसंतीचे चित्र संवर्धन विभागात गेले आहे, दुसऱ्या पसंतीच्या चित्राच्या दालनात उभे राहायला पुरेशी जागा नाही, तरी तिसऱ्याला संमती आहे का ते कळवावे. मी दोन दिवसांत कळवले. १४ मार्चला परवाना हाती आला. एकूण ३९ दिवस. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी तिसरी पसंतीही मनापासून निवडावी, कारण ती रकाना भरण्यासाठी टाकली तर सहा आठवडे तिच्याचसमोर बसण्याची वेळ येते.

परवान्यासोबतच्या अटींतली एक अट आधी विचित्र वाटली: अनुकृती मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये. लूव्रमध्येही ती मूळ चित्राहून एक पंचमांशाने लहान किंवा मोठी असावी लागते. कारण उघड आहे, कोणी ती खरी म्हणून खपवू नये. मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही, कॅनव्हासच्या मागे संग्रहालयाचा शिक्का पहिल्या दिवशी मारून घ्यायचा, शेवटच्या दिवशी बाहेर नेताना तो दाखवायचा. तैलरंग चालतील, पण टर्पेंटाइन नाही. ईझलच्या, म्हणजे कॅनव्हास उभा ठेवायच्या घोडीच्या, पायांना रबरी टोप्या आणि खाली जाड कापड सक्तीचे. ही टोप्यांची अट मी वाचली होती आणि विसरले होते. माझ्या पहिल्या मंगळवारी, २४ मार्चला, रखवालदारांनी मला दारातच थांबवले, आणि मी बाहेर जाऊन जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ईझलच्या पायांना दोऱ्याने बांधून परत येईपर्यंत तीन तासांतला सव्वा तास संपला होता.

असे सहा मंगळवार मिळाले, २८ एप्रिलपर्यंत, प्रत्येकी सकाळचे तीन तास. त्यासाठी कामावरून सहा अर्ध्या रजा गेल्या. खरा खर्च म्हणावा तर तोच. चित्र लहान होते: पांढरी सुरई, तांब्याचे भांडे, दोन कांदे, सुरी आणि घडी पडलेले कापड. एकोणिसाव्या शतकातल्या, फारशा परिचित नसलेल्या चित्रकाराचे. मी दहा वेळा त्याच्यासमोरून गेले असेन आणि एकदाही थांबले नव्हते.

पहिल्या दोन मंगळवारी मी फक्त रेखाटन आणि मोठे छायाप्रकाश केले. डोळे किलकिले करून, तपशील न पाहता. तिसऱ्या मंगळवारी जवळ गेले. परवानाधारकाला साधारण हातभर अंतरावर उभे राहता येते. तांब्याच्या भांड्याच्या काठाखाली, जिथे मी तपकिरी धरून चालले होते, तिथे हिरव्याचा एकच फटकारा होता, ओल्या रंगावर ओढलेला, त्यामुळे शेवटाकडे तांबड्याला ओढून नेलेला. दोन पावले मागे आल्यावर हिरवा नाहीसा होत होता आणि भांडे वजनदार होत होते. पांढऱ्या कापडात शुद्ध पांढरा फक्त एका ठिकाणी होता, घडीच्या टोकाला, तांदळाएवढा, आणि तो इतका जाड लावला होता की त्याची स्वतःची सावली पडत होती. बाकीचे सगळे कापड राखाडी, जांभळट आणि पिवळसर रंगांनी, पातळ, घासून केले होते. मी सहा वर्षे कापडभर पांढरा थापत आले होते. सगळीकडे कमाल उजेड, म्हणून कुठेच उजेड नाही.

लोक मागे येऊन उभे राहतात, याची सवय व्हायला वेळ लागतो. कोणी काही बोलत नाही, पण त्यांचा श्वास ऐकू येतो आणि हात आखडतो. चौथ्या मंगळवारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आईचा हात सोडून आली आणि माझ्या कॅनव्हासकडे नव्हे तर मूळ चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, “काकू, यांनी इथला कांदा का पुसला?”

मी म्हणाले, “कुठला गं?”

“हा काय. टेबलावर. गोल दिसतोय ना?”

ती उभी होती तिथे, तिच्या उंचीला वाकून, बाजूने पाहिले. खिडकीचा उजेड तिरपा पडत होता आणि सुरीच्या पुढे, रिकाम्या टेबलाच्या तपकिरी रंगाखाली, एक गोल कड उंचवट्यासारखी दिसत होती. तिसरा कांदा होता. चित्रकाराने तो काढला होता, पूर्ण केला होता आणि मग झाकून टाकला होता. चार मंगळवार मी त्या चित्रासमोर बसले होते आणि माझ्या रेखाटनात ती जागा “टेबल, रिकामे” अशी नोंदलेली होती. मुलीला मी म्हणाले की बहुधा तीन कांद्यांची गर्दी होत असावी. तिने चित्राकडे एकदा नीट पाहून घेतले आणि “हो, दोनच बरे आहेत” म्हणून ती गेली.

अशा झाकलेल्या दुरुस्त्यांना पेंटिमेंटी म्हणतात, आणि वर्षे लोटली की तैलरंगाचा वरचा थर हळूहळू पारदर्शक होत जातो, त्यामुळे त्या डोके वर काढतात, हे मला ठाऊक होते. व्हर्मीर यांची झाकलेली फळी मी जानेवारीतच वहीत लिहून ठेवली होती. पण ती उपकरणांनी शोधलेली होती, दुसऱ्या देशातली होती आणि व्हर्मीर यांची होती. हा कांदा हातभर अंतरावर होता. उरलेल्या दोन मंगळवारी मी माझ्या अनुकृतीतही आधी तिसरा कांदा काढला आणि नंतर तो रंगाखाली घेतला. हे वेळेच्या हिशेबात बसत नव्हते, त्यामुळे माझ्या सुरईचा कान शेवटपर्यंत कच्चा राहिला. तरी त्याचा पश्चात्ताप नाही.

२८ एप्रिलला शिक्का दाखवून कॅनव्हास बाहेर काढला. अनामत रक्कम परत मिळायला पुढे १९ दिवस आणि दोन स्मरणपत्रे लागली. पावतीची प्रत जपून ठेवावी.

एक गोष्ट कायद्याची. या अनुकृतींपैकी काही चित्रे मित्रमंडळींच्या छोट्या प्रदर्शनात लावावीत असे मनात होते, म्हणून मी मुदतींची चौकशी केली. चित्रकाराच्या मृत्यूनंतर स्वामित्वहक्क किती वर्षे टिकतो हे देशागणिक बदलते: स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार किमान ५०, भारतात ६०, युरोपीय संघात ७०. व्हर्मीर १६७५ मध्ये, मिले १८७५ मध्ये, व्हॅन गॉग १८९० मध्ये आणि सेझान १९०६ मध्ये वारले, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. पण माझ्या यादीत बाटल्यांच्या स्थिरचित्रांसाठी ओळखले जाणारे इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी यांच्या बाटल्याही होत्या. ते १९६४ मध्ये वारले, म्हणजे ७० वर्षांचा नियम असलेल्या देशांत त्यांची चित्रे अजून संरक्षित आहेत. घरी बसून अभ्यासासाठी उतरवणे वेगळे आणि ते भिंतीवर लावणे किंवा विकणे वेगळे; शंका असेल तर लावू नये. जे लावू त्याखाली “अमुक यांच्या चित्रावरून” असे स्पष्ट लिहावे आणि आपली सही आपल्या नावाची करावी. मोरांदी यांना मी यादीतून काढले, तरी त्यांच्याकडून एक गोष्ट आधीच घेतली होती: त्याच त्या बाटल्या आयुष्यभर काढूनही माणूस अडकल्यासारखा दिसत नाही. माझ्या नऊ फुलदाण्यांचा दोष फुलदाणीचा नव्हता.

मे महिन्यात मी पुन्हा तीच निळी फुलदाणी मांडली. डावीकडून तोच उजेड, पण पडदा काढला आणि मागची भिंत उघडी ठेवली, शेजारी खुर्चीवर धुतलेल्या चादरीची घडी. वहीत या वेळी दोन प्रश्न होते: चादरीतला सर्वांत उजळ तांदूळ कुठे आहे, आणि भिंत कोणत्या बाजूला गडद आहे. दोन आठवडे काम चांगले चालले. चादर जमली, निदान आधीच्या कोणत्याही चादरीपेक्षा जमली. भिंतीला खिडकीजवळ करडे केल्यावर घडीची कड आपोआप पुढे आली, तिथे मला काही करावेच लागले नाही. फुलदाणीही उत्तम उतरली होती, सवयीनेच.

१७ मेच्या सकाळी मी चित्र आरशात पाहिले, कारण उलटे पाहिले की डोळ्यांना ते नवे वाटते. नजर दर वेळी फुलदाणीवर जात होती आणि तिथेच थांबत होती. चादरीपर्यंत पोहोचतच नव्हती. पुठ्ठ्याचा तुकडा कापून तो फुलदाणीवर धरला, काढला, पुन्हा धरला. असे बराच वेळ केल्यावर भिंतीचा करडा मिसळला, पॅलेटवर आवश्यकतेपेक्षा जास्तच, आणि वरून खाली ओढायला सुरुवात केली. निळा अजून पुरता वाळला नव्हता, त्यामुळे पहिल्या थरात तो थोडा मिसळला आणि भिंतीच्या त्या भागात एक थंड छटा राहिली. ती मी तशीच ठेवली आहे.

चित्रात आता भिंत, खुर्ची आणि चादरीची घडी एवढेच आहे. सकाळी उजेड बाजूने आला की भिंतीच्या रंगाखाली फुलदाणीच्या गळ्याचा उंचवटा दिसतो. २ जूनला मी संग्रहालयाकडे दुसरा अर्ज पाठवला; पहिल्या पसंतीचे चित्र संवर्धन विभागातून परत आले आहे, असे कळले होते. या वेळी पोच त्याच दिवशी मागून घेतली, तिन्ही नोंदणी क्रमांक भरले आणि वेळेच्या रकान्यात लिहिले: “सकाळी, खिडकीतून तिरपा उजेड पडत असताना.”